ती वही उघडून पाहिलीत का?

प्रश्न (पत्राचा सारांश): मुलगी बारावी सायन्सला आहे. शहर नियोजन करायचं म्हणते. आम्ही तिचं कॉम्प्युटर इंजिनीअरिंग ठरवलं आहे. स्मार्ट सिटी म्हणजे शेवटी कॉम्प्युटरच ना? शिवाय ती योजनाही बंद झाली. जेईईचा फॉर्म मीच भरला. तिची समजूत कशी घालावी?
– एक पालक, सोलापूर

दीड पानाच्या पत्रात ‘आम्ही ठरवलं’ चार वेळा आलंय. मुलगी एकदाच येते, तीही तक्रारीतून: ‘अभ्यास सोडून कुठल्या गल्लीत पाणी कधी सुटतं, त्याचे नकाशे काढत बसते.’ अहो, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही म्हणून कुरकुर सगळेच करतात. वही घेऊन नोंदी ठेवणारी मुलगी मी तरी अजून पाहिली नव्हती. ती वही तुम्ही एकदा तरी उघडलीत का? समजूत कुणाची घालायची, हा प्रश्न मला तिथेच पडला.

आता ‘स्मार्ट सिटी म्हणजे कॉम्प्युटरच’ हा गैरसमज. केंद्र सरकारचं स्मार्ट सिटी मिशन जून 2015 मध्ये सुरू झालं, 31 मार्च 2025 ला संपलं. पहिल्या वीस शहरांत पुण्यासोबत तुमचं सोलापूर होतं. योजनेतल्या शंभरही शहरांत कॅमेऱ्यांवरून शहरावर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूम उभ्या राहिल्या. पण रस्त्यावर पाणी तुंबलंय एवढंच कॅमेरा दाखवतो. गटार कुठून न्यायचं, मधली जागा कुणाची, आराखड्यात ती कशासाठी राखून ठेवलीय, पैसा कोण देणार, हे ठरवायला नियोजनकार लागतो, आणि लोकांना विचारावं लागतं. टोरोंटोत गूगलच्याच भावंड कंपनीने 2017 मध्ये सेन्सरवर चालणारी वस्ती उभारायचं जाहीर केलं. गोळा होणारी माहिती कुणाच्या मालकीची, यावरून लोकांनी कंपनीला भंडावून सोडलं. मे 2020 मध्ये आर्थिक अनिश्चिततेचं कारण देऊन कंपनी बाहेर पडली. त्या कंपनीला तंत्रज्ञानाची काय कमी होती? आणि योजना संपली म्हणून महापालिका संपत नाही. 1966 च्या नगररचना कायद्याखाली विकास आराखडे व्हायचेच आहेत.

कॉम्प्युटर वाईट नाही. बी. प्लॅनिंग, म्हणजे नियोजनाची पदवी, करतानाही तिला जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र, शिकावंच लागेल. चार वर्षांचा हा अभ्यासक्रम पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, दिल्लीच्या एसपीएत (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आहे. पुढे एमपीएससीतून नगररचना विभागाची दारं उघडतात. पगाराचे आकडे आयटीच्या जाहिरातींएवढे डोळे दिपवणार नाहीत, हेही सांगून ठेवते.

तुम्ही जेईईच्या फॉर्ममध्ये फक्त इंजिनीअरिंगचा पेपर 1 निवडलाय. दिल्लीच्या एसपीएत बी. प्लॅनिंगला पेपर 2ब लागतो; हे तिला माहीत होतं का, की विचारलंच नाहीत? एप्रिलच्या सत्राचे अर्ज सुरू झाले की लॅपटॉप तिच्याकडे द्या आणि तुम्ही बाहेर चहा घेत बसा. आणि पुढचं पत्र तिचं येऊ द्या. वहीतल्या एका पानाचा फोटो सोबत जोडायला सांगा, मला तो नकाशा बघायचाय.