बोन मॅरोसाठी शेत विकायचं की लोकांकडे मदत मागायची?

प्रश्न : आम्ही वडगाव बुद्रुकला राहतो. सहा वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दहा वर्षांच्या मुलीचा बोन मॅरो त्याच्याशी पूर्ण जुळला आहे आणि डॉक्टरांनी प्रत्यारोपणासाठी तीन महिन्यांनंतरची तारीख सुचवली आहे. रुग्णालयाचा अंदाज १६ लाखांचा. मिस्टरांच्या कंपनीचा ५ लाखांचा ग्रुप विमा, ३ लाखांची एफडी, २ लाखांचे म्युच्युअल फंड, आठ वर्षांचं पीपीएफ खातं (४.२ लाख) आणि १२ तोळे सोनं एवढं आहे. घराचा हप्ता २२ हजार. सासरे भोरकडचं शेत विकायला तयार आहेत. दीर म्हणतात, ऑनलाइन मदत मागा, आठवड्यात १६ लाख जमतील. मला शेत विकवत नाही आणि लोकांपुढे हात पसरायचीही लाज वाटते. काय करावं?

उत्तर : ताई, शेत विकू नका. ऑनलाइन मदत जरूर मागा, पण १६ लाखांची नाही. ४ लाख २० हजारांची. हा आकडा कसा आला ते पाहू.

आधी खर्च नीट धरा. १६ लाख हे सगळं सुरळीत झालं तरचं बिल आहे. प्रत्यारोपणानंतर मुलगा चार ते सहा आठवडे आत राहील आणि पहिले १०० दिवस वारंवार तपासण्या असतील. एखादा संसर्ग झाला की महागडी औषधं वाढतात, राहण्याचे दिवस वाढतात. यासाठी ४ लाख वेगळे धरा. म्हणजे एकूण २० लाख.

आता जमेची बाजू. विम्याचे ५ लाख असले तरी साडेचारच मोजा. ग्लोव्हज, मास्कसारख्या वस्तूंचे पैसे बऱ्याचदा कापले जातात. खोलीभाड्याला मर्यादा असेल तर खोली महाग पडल्यावर इतर खर्चही त्याच प्रमाणात कापून देतात, आणि प्रत्यारोपणाची खोली महागच असते. मुलीच्या, म्हणजे दात्याच्या खर्चाचं कलमही वाचा. शस्त्रक्रियेचा खर्च देऊन आधीच्या तपासण्या वगळणाऱ्या पॉलिसी पुष्कळ आहेत. आणि हे सगळं पार पडेपर्यंत मिस्टरांनी नोकरी बदलू नये. नोकरी सुटली की ग्रुप विमाही सुटतो.

एफडीतले १.४ लाख, म्हणजे घराचे सहा हप्ते आणि वर थोडे, बाजूला ठेवा आणि १.६ लाख वापरा. म्युच्युअल फंडाचे २ लाख पूर्ण काढा. तीन महिन्यांत लागणारे पैसे बाजारात ठेवायचे नसतात. पीपीएफमधून हवे तेवढे काढता येत नाहीत. चार वर्षांपूर्वीची शिल्लक आणि मागच्या वर्षअखेरची शिल्लक यांतली जी कमी, तिच्या निम्मी रक्कम मिळते. चार वर्षांपूर्वी खात्यात १.८ लाख असतील तर हातात येतील ९० हजार. गंभीर आजारासाठी खातं मुदतीआधी बंदही करता येतं, पण १ टक्का व्याज कमी मिळतं. ती वाट शेवटची ठेवा.

बेरीज ९ लाख. राहिले ११ लाख.

यातले ४ लाख सोनेतारणातून घ्या. दागिने मोडू नका. समजा व्याजदर १० टक्के धरला तर महिन्याला सुमारे ३,३३३ रुपये व्याज होतं आणि पैसे आले की कर्ज केव्हाही फेडता येतं. हे कर्ज दुसऱ्या कारणानेही हवं. दाखल होण्याआधी रुग्णालय अनामत मागतं, आणि विम्याचे किंवा ऑनलाइन मदतमोहिमेचे पैसे त्याच दिवशी हातात येतीलच असं नाही. तो फरक सोनेतारणातून भागतो.

३ लाख जवळच्या नात्यात मागा आणि ते ऑनलाइन मोहिमेतून आणू नका, थेट बँकेत घ्या. तुमचे-मिस्टरांचे आईवडील, भाऊ-बहिणी, आणि ज्याच्या खात्यावर पैसे येतात त्याचे स्वतःचे काका, मामा, आत्या, मावशी यांच्याकडून आलेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही, मग रक्कम कितीही असो. चुलतभाऊ, मावसबहीण, मित्र, शेजारी मात्र कायद्याच्या लेखी नातेवाईक नाहीत. अशांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांवर रक्कम आली तर ५० हजारांवरची नव्हे, सगळीच रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. मोहिमेचे पैसे प्लॅटफॉर्मकडून, म्हणजे मदत गोळा करणाऱ्या वेबसाइटकडून, थेट रुग्णालयाच्या खात्यावर जावेत, असा माझा आग्रह आहे तो याचमुळे. तरीही पावत्या, अंदाजपत्रक आणि देणगीदारांची यादी जपून ठेवा आणि विवरणपत्र भरण्याआधी सीएंना दाखवा.

उरले ४ लाख. ऑनलाइन पैसे भरून घेणाऱ्या पेमेंट गेटवेचे ३ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर शेकडा ३.५४ रुपये कापले जातात. ४ लाख २० हजार जमले तर १४,८६८ रुपये जाऊन ४,०५,१३२ उरतील. मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू या प्लॅटफॉर्मपैकी कुठेही गेलात तरी चार गोष्टी लेखी विचारा : एकूण कपात किती, पैसे कुणाच्या खात्यावर आणि किती दिवसांत, अर्धवट रक्कम जमली तर ती मिळते का, आणि जाहिरात केली तर तिचा खर्च कशातून. जमलेल्या रकमेतून जाहिरातीचा मोठा वाटा कापला जाणार असेल तर या मोहिमेला ती नको. पैसे भरताना देणाऱ्याला प्लॅटफॉर्मसाठीची ‘टिप’ आधीच भरलेली दिसू शकते. ती बदलता येते, हे ओळखीच्यांना सांगून ठेवा.

आता दीरांच्या ‘आठवड्यात १६ लाखां’बद्दल. अनोळखी लोक पहिले पैसे देत नाहीत. ते पान उघडतात, किती जमलं ते बघतात आणि मग ठरवतात. दहा दिवसांनी १६ लाखांपैकी सव्वा लाख दिसले तर पुढचा माणूस पान मिटतो. तेच सव्वा लाख ४.२ लाखांपैकी दिसले तर काम होण्यासारखं वाटतं. म्हणून पान उघडण्याआधी वहीत १२० नावं लिहा. १२ जण ५ हजार देतील असे, ४० जण २ हजार, बाकीचे ६८ एक हजार. सगळ्यांनी दिले तर २ लाख ८ हजार होतात. निम्मेच धरा, एक लाख. उरलेले तीन लाख वीस हजार तुमच्या ओळखीबाहेरून यायचे आहेत आणि ते आणणारी माणसं आत्ताच ठरवायला हवीत. मिस्टरांच्या कंपनीतला एक, तुमच्या कॉलेजच्या बॅचमधली एक, मुलीच्या वर्गातल्या पालकांपैकी एक, सोसायटीतला एक असे दहा जण. प्रत्येकाने वीस माणसांशी स्वतः बोलायचं. सरासरी सोळाशे धरले तर तीन लाख वीस हजार होतात.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेली लिंक अर्ध्या तासात गुड मॉर्निंगच्या फुलांखाली जाते. त्यामुळे एकेकाला नाव घेऊन, स्वतःच्या आवाजात मेसेज पाठवा. सुरुवात पगार झाल्यावर, १ ते ७ तारखेच्या दरम्यान करा. पहिल्या तीन दिवसांत चौथा हिस्सा ओळखीतून आला की मगच लिंक फेसबुकवर टाका.

मजकूर रडवणारा नको, स्पष्ट हवा. असा : ‘आमच्या सहा वर्षांच्या मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. ताईचा बोन मॅरो त्याच्याशी पूर्ण जुळला आहे. उपचाराला २० लाख लागतील. विमा, बचत, सोनेतारण आणि घरच्या माणसांकडून १६ लाख उभे केले आहेत. ४ लाख कमी पडतात. पैसे थेट रुग्णालयात जातील.’ तुम्ही स्वतः किती घातले हे वाचल्यावर लोकांचा विश्वास बसतो. लेटरहेडवरचं, सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक आणि जुळणीचा रिपोर्ट जोडा. पत्ता, आधार क्रमांक, मुलीच्या शाळेचं नाव झाका. फोटो सुया-नळ्यांचा नको. चित्र रंगवणारा मुलगा, पाठमोरा असला तरी चालेल. मोठा झाल्यावर तो हे पान वाचणार आहे.

स्वतःचा यूपीआय क्यूआर फिरवू नका. कुणी फसवणुकीतले पैसे त्यावर पाठवले तर सायबर तक्रारीत तुमचं खातं गोठू शकतं, तेही नेमकं अनामत भरायच्या आठवड्यात. ‘नोंदणीचे पाच हजार भरा, वीस लाख जमवून देतो’ असे फोन येतील. सरळ बंद करा. तुमचंच पोस्टर क्यूआर बदलून फिरवणारेही असतात, म्हणून प्रत्येक मेसेजमध्ये ‘फक्त या लिंकवर’ असं लिहा. परदेशातल्या मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी योगदान ठरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलेल्या मित्राचे ठरतात. ते तुमच्या खात्यावर घेऊ नका, आधी प्लॅटफॉर्मला विचारा. कुणी करसवलतीसाठी ८०जी पावती मागेल. व्यक्तीच्या मोहिमेला ती मिळत नाही. ती हवी असणाऱ्याने नोंदणीकृत ट्रस्टमार्फत रुग्णालयाला पैसे द्यावेत.

मोहिमेआधी एक काम राहतं आणि ते सर्वांत मोठं ठरू शकतं. कोल इंडियाची ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ जुळणाऱ्या दात्याच्या प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत मदत करते. ठरावीक रुग्णालयं आणि उत्पन्नाची अट आहे. आपलं रुग्णालय आणि आपलं उत्पन्न त्यात बसतं का, हे प्रत्यारोपण विभागाच्या समन्वयकाला याच आठवड्यात विचारा. शहर बदलावं लागत असेल तर १०० दिवसांचं घरभाडंही हिशोबात घ्या. त्याच भेटीत वैद्यकीय समाजसेवकाकडून मदत करणाऱ्या ट्रस्टची यादी घ्या. मंजुरी आली तर मोहीम सुरूच करू नका. सुरू झालेली असेल तर त्याच दिवशी पानावर कळवून थांबवा.

शेताचं कारण फक्त भावनेचं नाही. तीन महिन्यांत विकायचं म्हटलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. सातबाऱ्यावर नावं जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतात. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणजे गिऱ्हाईकही मोजकंच. सासऱ्यांच्या नावावर एवढीच जमीन असेल तर ती गेल्यावर शेतकरी म्हणून पुन्हा जमीन घेणं अवघड होईल. आज त्यांनी एवढंच करावं : सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे काढून ठेवावेत. खर्च २० लाखांच्या पुढे गेला तरच तो विषय काढू.

राहिली लाज. हात पसरणं आणि हिशोब मांडून मदत मागणं यांत फरक आहे, आणि तो पानावर दिसायला हवा. दर आठ-दहा दिवसांनी किती जमले, किती भरले हे लिहा. रुग्णालयाची पावती लावा. जास्त जमले तर त्यातून आधी उपचारासाठी काढलेलं सोनेतारण फेडू आणि त्यानंतरची रक्कम त्याच विभागातल्या दुसऱ्या मुलाच्या बिलात देऊ, हे वाक्य पहिल्याच दिवशी मजकुरात घाला. नंतर घातलेलं चालत नाही.