तूप अंदाजानं ओतू नकोस

भाकरी सोडलीस, बेळगावात राहून कुंद्याकडं बघत नाहीस, हे सोपं नाही गं. पण 'किटोत (कर्बोदकं अगदी कमी, चरबी जास्त अशा आहारात) कॅलरी मोजायची गरज नाही' हे मनातून काढ. कर्बोदकं कमी झाली की बऱ्याच जणांची भूक मंदावते, न मोजताही खाणं कमी होतं आणि वजन उतरतं. कॅलरीचा हिशेब तोच राहतो.

पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येईल. ते बहुतेक पाणी. शरीरात साठवलेल्या कर्बोदकांच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, 1 ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी जातं. पुढं काटा अडला की आधी तुपाचा डबा बघ. मी चार महिने ऑम्लेटवर अंदाजानं तूप ओतत होते. एक दिवस वाटी वजनकाट्यावर ठेवली, तर 40 ग्रॅम! चरबीच्या ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे नुसत्या तुपाच्याच 360. (कर्बोदकं, प्रथिनं ग्रॅमला 4 देतात.) आणि शेंगाचटणी! आपल्याकडं तिच्याशिवाय ताट होत नाही, पण 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी, शिवाय 16 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. किटोत दिवसाला कर्बोदकं 20 ते 50 ग्रॅमच घ्यायची, त्यात येताजाता मूठभर कशी बसणार?

आयुष्यभर मोज म्हणत नाही मी. दोन आठवडे तूप, शेंगा, पनीर, खोबरं वजन करून वहीत लिही, नजर बसेल. मेथी-पालक मोजत बसू नकोस.

शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार. डोस बदलावा लागू शकतो.