ज्यांचे आकडे, त्यांना आधी

बाळ,

तुझी मेल काल रात्री दोनदा वाचली. शिष्यवृत्तीचे पाच महिने उरलेत, गाईड मुलांच्या पोषणावरचा तुझा पेपर छापायला पाठवायची घाई करताहेत आणि वस्तीचं कौन्सिल म्हणतंय, निष्कर्ष आधी आम्हाला दाखव. ‘काय करू?’ असं तू विचारतेस. यात विचारण्यासारखं काय आहे? आधी दाखव.

तू कॅनडात, उत्तर मॅनिटोबात, क्री या तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये बसली आहेस. १९४२ मध्ये तिथल्याच नॉर्वे हाउस या वस्तीत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ आले. माणसं उपाशी आहेत हे त्यांना उघड दिसलं. तरी सुमारे ३०० कुपोषितांपैकी १२५ जणांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या आणि बाकीच्यांना तुलनेसाठी तसंच ठेवलं. पुढे मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळांमध्ये हेच. एका शाळेत मुलांना गरजेच्या निम्म्याहून कमी दूध मिळत होतं. सुरुवातीची नोंद पक्की व्हावी म्हणून दोन वर्षं ते वाढवलंच नाही. आईबापांना कुणी विचारलं नाही. इयान मॉस्बी या इतिहासकाराचा लेख आला २०१३ मध्ये, आणि तेव्हा कुठे हे सगळं चव्हाट्यावर आलं. फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे क्रींसारख्या मूळ रहिवासी समाजांनी, १९९८ मध्ये माहितीची मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा आमच्याकडे हवा असं मांडलं, ते उगाच नाही. तू मेलमध्ये कौन्सिलच्या मागणीला ‘प्रक्रियेची अडचण’ म्हणतेस. मला राग आला, खरं सांगतो.

ज्यांचे आकडे, त्यांना आधी. मी हे पाळलं नव्हतं.

तिकडे दोन हिवाळे काढून मी एकसष्ट मुलांची उंची, वजन, हिमोग्लोबिन घेतलं. निघताना एका आजीनं विचारलं, “काय निघालं?” म्हटलं, रिपोर्ट पाठवतो. नाही पाठवला. पेपरात मात्र लिहिलं की पालकांना पोषणाचं ज्ञान कमी आहे. ती आजी आयुष्यभर मासे सुकवून नातवंडांना खाऊ घालत आली होती! मला तेव्हा नोकरी हवी होती, घरी पैसे पाठवायचे होते. कारण खोटं नव्हतं. पण तिला आधी वाचून दाखवलं असतं, तर ते वाक्य तिनं तिथंच खोडलं असतं, आणि पेपर सुधारला असता. तुझ्या गाईडना हेच सांग. हा चांगुलपणाचा मुद्दा नाही, पेपर बरोबर असण्याचा आहे.

शेजारच्या ऑन्टारिओ प्रांतातली ग्रासी नॅरोज ही वस्ती घे. १९६२ ते १९७० या काळात नदीच्या वरच्या अंगाच्या कागद कारखान्यानं पाण्यात सुमारे नऊ टन पारा सोडला, तो माशांत उतरला. मासा हेच तिथलं अन्न आणि तीच रोजी. तिथं जाऊन ‘आठवड्यातून किती वेळा मासे खाता?’ एवढंच विचारलं, तर उत्तर मिळेल, पण अर्थ काय लावशील? अर्थ त्यांच्याकडे आहे. तुझ्या वस्तीतही हिवाळी रस्ता कधी बंद होतो, विमानानं आलेलं दूध काय भावानं पडतं, मूस हे मोठं हरीण मारायला कोण जाऊ शकतं, हे त्यांना माहीत आहे. लठ्ठपणा आणि रक्तक्षय एकाच मुलात का दिसतात, याचं निम्मं उत्तर तिथं आहे, तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

नंतर एकदा मी असाच एक लेख, ज्यांचे आकडे त्यांना आधी दाखवायचा म्हणून, चौदा महिने अडवून धरला. मंदगती म्हणून नाव झालं, एक पद हातचं गेलं. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. कदाचित म्हणूनच तुझ्यावर इतका चिडतोय.

मुदतवाढीचा अर्ज आजच कर, त्याला कौन्सिलचं पत्र जोड. जोड म्हणजे जोडच, ‘अडचण’ म्हणून उल्लेख नको. आणि मसुदा त्यांच्याकडे जाण्याआधी चौथ्या पानावरचं ‘पालकांचे अज्ञान’ हे उपशीर्षक काढ. रविवारी फोन कर.