अमेरिकेत 25 आणि आपल्याकडे 64, हे खरं का?

प्रश्न: ताई, ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की भारतात 64 टक्के बाळं सहा महिने फक्त आईच्या दुधावर असतात आणि अमेरिकेत जेमतेम 25 टक्के, आणि आपला आकडा दर सर्वेला वाढतोय. पण माझ्या ओळखीत बघावं तर चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळ्यांचं वरचं दूध सुरू झालेलं असतं. मग हे 64 टक्के आहेत तरी कोण?

उत्तर: आकडे दोन्ही बरोबर आहेत हो, पण ते एकमेकांशेजारी ठेवले तिथे घोळ झाला.

आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरी येऊन विचारतात की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला काल दिवसभरात आणि रात्री काय काय दिलं. अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीही नाही (औषध चालतं), तर ते बाळ निव्वळ स्तनपानात मोजलं. म्हणजे दहा दिवसांचं बाळ पण त्यात आणि साडेपाच महिन्यांचं पण त्यातच, आणि लहान बाळांमध्ये हे प्रमाण साहजिकच जास्त असतं, मग महिने वाढतील तसं घसरत जातं, त्या सगळ्यांची सरासरी म्हणजे हे 64. सहा महिने पूर्ण करणाऱ्या आया याहून बऱ्याच कमी. तेव्हा तुम्ही ओळखीत बघताय ते काही चुकीचं नाही.

अमेरिकेत उलटं. तिथे मूल दीड-दोन वर्षांच्या पुढे गेल्यावर आईला विचारतात की दुसरं काही पहिल्यांदा कधी दिलं, आणि सहा महिने खरोखर पूर्ण केले त्यांचाच तो 25. मापच वेगळं, तुलना कशी करणार?

मात्र एकाच मापाने मागचं-पुढचं बघायला हरकत नाही. आपल्याकडे 2005-06 मध्ये 46, 2015-16 मध्ये 55 आणि 2019-21 मध्ये 64, ही वाढ खरी आहे. अमेरिकेत तर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चारातली एकच आई अंगावर पाजायला सुरुवात तरी करायची, बाकी सगळं बाटलीवर. आज सुरुवात करणाऱ्या 80 टक्क्यांच्या वर आहेत. गंमत बघा, 1981 मध्ये डब्याच्या दुधाच्या जाहिरातबाजीला आवर घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता आली तेव्हा 118 देश बाजूने आणि विरोधात एकटी अमेरिका! आपल्याकडे अशा जाहिरातींवर 1992 च्या कायद्यानेच बंदी आहे, त्यांच्याकडे अजून तसा कायदा नाही, तरी प्रमाण वर गेलंच, त्यामुळे नुसत्या कायद्याला सगळं श्रेय देणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

मला खरं टोचतं ते दुसरंच, ज्यावर मेसेज कोणी फिरवत नाही. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घेतलं का, हा आकडा 2005-06 मध्ये 23 होता, दहा वर्षांत 41.6 झाला आणि 2019-21 मध्ये 41.8. तिथेच अडकला. याच काळात दवाखान्यातली बाळंतपणं 79 वरून 89 टक्क्यांवर गेली, म्हणजे डॉक्टर-नर्स शेजारी असताना हे होतंय! सिझेरियन 17 वरून 21.5 वर गेलीत, ऑपरेशननंतर बाळ आईकडे उशिरा येतं हे एक कारण असणारच, पण उरलेल्या नॉर्मल बाळंतपणांचं काय?