हळदीला डीजे आहे, पोराला नेऊ की नको?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. पुढच्या महिन्यात दिराचं लग्न. हळद घरीच, दारात डीजे. गेल्या वर्षी नणंदेच्या हळदीला तो कान दाबून किंचाळला, जिन्यात बसून डोकं आपटायला लागला. सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, "पोऱ्या बिघडी गया, एक ठेवून दे." मी ठेवून दिली. त्याचं अजून वाईट वाटतं. यंदा काय करू?
— एक आई, चोपडा तालुका

उत्तर : ताई, तुमचं पोर बिघडलेलं नाही. हट्टी मूल रडता रडता आई बघतेय का ते बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. तुमचा मुलगा जिन्यात एकटा होता, कुणाकडे काही मागत नव्हता. त्याला आवाज सोसवेना. आवाज, स्पर्श, उजेड यांचा असा त्रास २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच धरला जातो. हे सासूबाईंना लग्नघर भरायच्या आधी, निवांत बसवून सांगा. ऐन गर्दीत कुणीच ऐकत नाही.

कारखान्यात कामगार घालतात तसे कान झाकणारे इअरमफ आजच आणा. घरी मिक्सर लावताना रोज घालायची सवय करा, त्या दिवशी पहिल्यांदा घातले तर तो भिरकावून देईल. पण डीजेचा धमधम ठोका छातीत बसतो, तो इअरमफनं अडत नाही. म्हणून घराच्या मागच्या बाजूची एक खोली त्याची ठेवा. दिवा मंद, पाहुण्यांच्या बॅगा तिथे नकोत.

सकाळी त्याला कामाला लावा. पाण्याची कळशी उचलू दे, गाद्या ओढू दे, कणीक दोन्ही हातांनी तिंबू दे. स्नायूंवर असा जोर पडला की यातली पुष्कळ मुलं निवतात. माझ्याकडे रावेरकडचा एक मुलगा यायचा. आवाज वाढला की तो गोधडी घेऊन आजोबांकडे जायचा आणि म्हणायचा, "घट्ट." आजोबा तोंड मोकळं ठेवून त्याची सुरळी करायचे, वरून तळव्यानं दाबायचे. पाचेक मिनिटांत त्याचे खांदे खाली यायचे. तुमच्या मुलाला आवडतं का, आधी बघा. नको म्हणाला तर मुळीच नको.

हळद मात्र आत्या-मावश्यांना त्याच्या गालाला लावू देऊ नका. ओला, ओझरता हात त्याला बोचतो. त्यालाच काकाला लावू दे, डीजे सुरू व्हायच्या आधी.

एवढं करूनही बिनसलं तर बोलू नका, समजावू नका. त्या खोलीत न्या, डोक्याखाली उशी सरकवा, शेजारी बसून राहा. वऱ्हाडाचं बघायला घरात दहा जण आहेत.

आणि शेवभाजीचा रस्सा त्याच्या भाताला लागू देऊ नका. वरण-भात त्याच्या रोजच्या ताटलीत वेगळा काढून ठेवा.