कातळावरच्या रेषांची दिशा

प्रश्न: सर, मी फोंड्याचा, इंजिनिअरिंगला आहे. गोव्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळला जी कातळशिल्पं आहेत त्यांचे फोटो काढलेत, आणि कुठली खाच कुठल्या दिशेने जाते ते कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचंय. सोबेल (फोटोतल्या कडा शोधणारा फिल्टर) लावला की दगडाची खरखरच वर येते, गेबर फिल्टर (एका वेळी एकाच दिशेच्या रेषा टिपणारा) १६ दिशांना लावला तर खूप वेळ जातो, आणि शेजारच्या पिक्सेलच्या कोनांची सरासरी काढली की भलतीच दिशा येते. काय करू?

उत्तर: अरे, फार छान विषय घेतलास, तिथला तो गोल चक्रव्यूह तर या कामाला अगदी योग्य, कारण त्याच्या रेषा सगळ्याच कोनांतून फिरतात.

आधी सरासरीचं बघू, खरी गोम तिथेच आहे. रेषेला पुढचं-मागचं टोक नसतं, त्यामुळे १ अंश आणि १७९ अंश या जवळजवळ एकच दिशा, पण साधी सरासरी येते ९०, म्हणजे थेट आडवी रेषा उभी झाली! म्हणून कोन दुप्पट करायचा, २ आणि ३५८, त्यांची बाणांसारखी बेरीज करायची आणि जो कोन येईल तो निम्मा करायचा, की शून्य मिळतो. स्ट्रक्चर टेन्सरमध्ये, म्हणजे आजूबाजूच्या पिक्सेलवरून दिशा काढायच्या एका पद्धतीत, हे आपोआपच होतं, फक्त ग्रेडियंटचे (उजेड आडवा-उभा किती बदलतो त्या आकड्यांचे) गुणाकार आधी करायचे आणि मग स्मूथिंग, म्हणजे शेजारच्यांशी सरासरी, आणि येणारी दिशा खाचेला काटकोनात असते हे लक्षात ठेव.

आता वेळेचं. १६ वेळा फिल्टर फिरवायची गरजच नाही. फ्रीमन आणि अॅडल्सन यांनी १९९१ साली स्टीअरेबल फिल्टर, म्हणजे हव्या त्या कोनात वळवता येणारे फिल्टर, मांडले, त्यात गाउसियनच्या (घंटेसारख्या वक्राच्या) दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचे फक्त ३ फिल्टर लावायचे, ०, ६० आणि १२० अंशांचे, आणि बाकी कुठल्याही कोनाचं उत्तर त्या तिघांना कोसाइनची वजनं लावून बेरजेतून मिळतं, अंदाजे नाही हं, गणिताने अचूक. मला हे आजही फार सुंदर वाटतं. शिवाय सोबेल खाचेच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या पकडतो, हा स्टीअरेबल फिल्टर मधली रेष पकडतो. सिग्मा, म्हणजे गाउसियनचा पसारा, खाचेच्या रुंदीच्या साधारण निम्मा ठेव, म्हणजे जांभ्याची बारीक भोकं बरीचशी गळतील.

एक मात्र नक्की कर. खाच दिसते ती सावलीमुळे, आणि जी खाच उन्हाच्याच दिशेने जाते तिच्यात सावली पडतच नाही, म्हणजे चक्रव्यूहाचा तेवढा भाग फोटोत पुसटच राहणार आणि तो कुठलाही फिल्टर परत आणू शकत नाही. तेव्हा एकाच जागेचे वेगवेगळ्या बाजूंनी तिरपा उजेड टाकून चार-पाच फोटो घे, कॅमेरा स्टँडवरून हलवू नकोस, आणि प्रत्येक फोटोचा टेन्सर वेगळा काढून मग त्यांची बेरीज कर. रेषा उठून दिसाव्यात म्हणून दगडावर खडू मात्र अजिबात फिरवायचा नाही.