माझी तीन वर्षांची मुलगी नीट जेवत नाही, मोबाइल लावल्याशिवाय घासच घेत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि वाटी-चमचा घेऊन घरभर मुलामागे पळणारी मी मलाच दिसले. एकेका जेवणाला तास जायचा. शेवटचा घास तो गालात धरून बसायचा, गिळायचा नाही की थुंकायचा नाही, आणि मी रडकुंडीला.

आमच्याकडे फरक पडला तो एका वहीमुळे. भूक वाढवायचं औषध मागायला गेले होते. डॉक्टरांनी वजनाचा तक्ता पाहिला, वाढ छान आहे म्हणाल्या, आणि औषधाऐवजी गृहपाठ दिला: आठवडाभर त्याच्या पोटात जे जे जाईल ते लिहायचं, पिण्याचंसुद्धा. लिहिलं तेव्हा कळलं की दिवसाला पाऊण लिटरच्या वर दूध जातंय, शिवाय मधेमधे बिस्किटं, आणि 'जेवला नाही, निदान हे तरी घे' म्हणून फळांचा रस. जेवायला पोटात जागा होतीच कुठे! या वयात दिवसाला ४००-५०० मिली दूध पुरतं. त्याहून फार जास्त झालं तर पोट दुधानेच भरतं, आणि दुधात लोह जवळपास नसतंच. अंगातलं लोह कमी झालं की भूक आणखी मरते. खात नाही म्हणून आपण दूध देतो आणि दुधामुळे ते खात नाही, असं ते चक्र.

दुसरं असं की पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं, पण दोन ते पाच या वयात ते वर्षाला साधारण २ किलोच वाढतं. भूक मंदावणारच. आपण मात्र आपल्या अंदाजाने ताट भरतो. प्रत्येक पदार्थ वयाच्या वर्षाला एक मोठा चमचा, म्हणजे तुमच्या मुलीला तीन चमचे, एवढंच वाढून बघा. हवं असेल तर मागेल.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली कामाची वाटणी मला फार उपयोगी पडली. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपं आहे, पण भरलेलं ताट तसंच उचलून न्यायला काळीज दगडाचं लागतं. मी अर्ध्या तासाने, न चिडता, ताट उचलायचे. मग पुढचं खाणं अडीच-तीन तासांनी, मधे फक्त पाणी. पहिले चार दिवस तो जेमतेम दोन-चार घास खायचा आणि सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. पाचव्या दिवशी त्याने माझ्याच ताटात हात घातला.

मोबाइलचं म्हणाल, तर पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट कधी भरलं ते कळत नाही आणि तोंडात काय चाललंय तेही नाही. शिवाय आपणच भरवत राहतो, त्यामुळे स्वतः खायला शिकणं होतच नाही.

नवा पदार्थ एकदा नाकारला म्हणजे तो कायमचा बाद नसतो. बऱ्याच मुलांना तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ताटात दिसावा लागतो, तेव्हा कुठे ती चाटून बघतात. त्याच्या शेजारी तिच्या आवडीचं एक काहीतरी असू द्या. भाजी वाटून लपवायचा उद्योग मी केला होता. त्याला पत्ता लागला आणि ज्यात लपवली होती तो आवडता पदार्थही त्याने सोडला. 'भाजी संपव, मग चॉकलेट' हेही नको. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच मूल शिकतं.

वजन थांबलं किंवा घटलं असेल, घास घेताना वारंवार ठसका लागत असेल, घट्ट काही चालतच नसेल, चेहरा फिकट दिसत असेल, माती खात असेल, तर मात्र यातलं काही करत न बसता डॉक्टरांकडे जा. शी कडक होते का तेही बघा, बद्धकोष्ठानेही भूक जाते.

नाहीतर या आठवड्यात फक्त वही लिहा आणि दूध मोजा. जेवतानाचा मोबाइल पुढच्या आठवड्यात बंद करा. मी दोन्ही एकाच सोमवारी केलं होतं, तसं करू नका.